घरची वीज: दिवसाची आणि रात्रीची

गेल्या काही वर्षांत कोल्हापूरपासून नागपूरपर्यंत ज्याने एस.टी.ने किंवा आगगाडीने प्रवास केला असेल, त्याच्या दृष्टीस बंगल्यांच्या गच्च्यांवर, दवाखान्यांच्या पत्र्यांवर आणि क्वचित जुन्या वाड्यांच्या कौलांवरही काळसर काचेच्या तक्त्यांच्या रांगा पडल्यावाचून राहिल्या नसतील, आणि या घरांना आता विजेची विवंचना उरली नाही असा त्याचा स्वाभाविक समजही झाला असेल. वस्तुस्थिती अशी की यांपैकी बहुसंख्य घरांत, गावची वीज गेली की भर दुपारी, छपरावर ऊन रणरणत असतानाही, पंखे बंद पडतात. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई व तिच्या परिसराचा वीजपुरवठा सकाळीच कोलमडला, तेव्हा ज्यांच्या गच्चीवर सौरसंच होता पण खाली बॅटरी नव्हती, त्यांची अवस्था संच नसलेल्या शेजाऱ्याहून तिळमात्र निराळी नव्हती. पैसे भरून सूर्य विकत घेतला आणि तो ऐन वेळी उपयोगी पडला नाही, अशी जी तक्रार या घरांतून ऐकू येते, तिचे मूळ यंत्राच्या दोषात क्वचितच असते; ते खरेदीच्या वेळी दोन भिन्न प्रश्न एकच समजण्यात असते. पहिला प्रश्न पैशाचा आहे: महिन्याचे वीजबिल कमी कसे व्हावे? दुसरा भरवशाचा आहे: पुरवठा खंडित झाला तरी घर चालू कसे राहावे? पहिल्याचे उत्तर छपरावर मिळते, दुसऱ्याचे बॅटरीत. आणि विक्रेत्याच्या पत्रकात ही दोन्ही उत्तरे एकाच बेरजेखाली मांडलेली असली, तरी घरमालकाने दोहोंचे जमाखर्च निरनिराळे ठेवावेत, हे या आढाव्याचे मुख्य म्हणणे आहे.

सूर्यापासून शक्ती मिळविण्याचा उद्योग आपल्याकडे वाटतो तितका नवा नाही. १८७० च्या दशकात मुंबईत सरकारी नोकरीत डेप्युटी रजिस्ट्रार असलेल्या विल्यम ॲडम्स या इंग्रज गृहस्थाने मधल्या कुलाब्यातील आपल्या आवारात लहान सपाट आरशांची अर्धवर्तुळाकार मांडणी करून, त्यांचे परावर्तित ऊन एका बाष्पपात्रावर एकवटून, त्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचा पंप चालवून दाखविला, आणि उष्ण कटिबंधातील देशांत सूर्याची उष्णता इंधनाची जागा कशी घेऊ शकेल याविषयीचे त्याचे पुस्तक १८७८ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे ते आरसे विस्मृतीत गेले. दप्तरातील कारकुनी सांभाळून एवढा खटाटोप करणाऱ्या या माणसाविषयी मुंबईकरांना थोडे अधिक कुतूहल असावयास हवे होते, असे मात्र मनात आल्यावाचून राहत नाही. आजचे तक्ते या उष्णतेच्या घराण्यातले नव्हेत. प्रकाशापासून थेट विद्युत्प्रवाह निर्माण होतो हे एदमों बेकरेल याने १८३९ मध्ये पाहिले होते, आणि त्याचे व्यवहार्य साधन अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने २५ एप्रिल १९५४ रोजी सिलिकॉनच्या पट्ट्यांच्या रूपाने जगापुढे ठेवले. त्या पट्ट्या पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ६ टक्केच वीज करीत. आज बाजारात मिळणारा चांगला तक्ता २० टक्क्यांच्या पुढे जातो. भारत सरकारने अपारंपरिक ऊर्जेचा स्वतंत्र विभाग १९८२ मध्ये काढला, त्याचे मंत्रालय १९९२ मध्ये झाले, राष्ट्रीय सौर अभियान जानेवारी २०१० मध्ये सुरू झाले, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये एक कोटी घरांच्या छपरांवर संच बसविण्यासाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद असलेली ‘पीएम सूर्यघर’ योजना मंजूर झाली. एरवी या विषयाकडे ढुंकूनही न पाहणाऱ्या मध्यमवर्गीय घरांत आज जी चर्चा चालू आहे, ती या शेवटच्या योजनेमुळे.

आता भर दुपारच्या अंधाराचे कारण. छपरावरील पॅनल एकदिश प्रवाह देते. घरातील उपकरणांना २३० व्होल्टांचा, सेकंदाला ५० वेळा हेलकावणारा प्रत्यावर्ती प्रवाह लागतो. हे रूपांतर करणारे यंत्र म्हणजे इन्व्हर्टर. अनुदानाच्या योजनेत बहुधा बसविला जाणारा इन्व्हर्टर हा स्वतःचा ताल धरीत नाही, बाहेरून येणाऱ्या विजेचा ताल ऐकून त्यात आपला प्रवाह मिसळतो, आणि तो ताल थांबला की क्षणार्धात स्वतः थांबतो. हे त्याने थांबणे सक्तीचे आहे, आणि या सक्तीमागे केवळ यांत्रिक सोय नाही: वाहिनी बंद आहे अशा समजुतीने खांबावर चढलेल्या वायरमनच्या हाताखालील तारेत एखाद्या घराच्या गच्चीवरून वीज येऊ लागली, तर परिणाम काय होईल हे सांगावयास नको. शिवाय, ही सक्ती नसती तरी नुसत्या पॅनलवर घर चालले नसते, कारण ढगाची एक सावली सरकली की उत्पादन निम्म्यावर येते आणि नेमका त्याच क्षणी फ्रिज सुरू झाला की मागणी दुप्पट होते. मागणी आणि उत्पादन यांच्यामधील ही तफावत भरून काढणारा कोणीतरी लागतो. तो म्हणजे एक तर गावची वीजवाहिनी, नाही तर बॅटरी. पहिलीच्या आधारावर चालणाऱ्या संचाला ऑन-ग्रिड म्हणतात, केवळ दुसरीच्या आधारावर चालणाऱ्याला ऑफ-ग्रिड, आणि दोहोंशी संबंध राखून वाहिनी गेली असता तिच्यापासून स्वतःला तोडून घेणाऱ्या व घरातील निवडक भाग बॅटरीवर चालविणाऱ्या यंत्राला हायब्रिड म्हणतात.

प्रथम पैशाचा प्रश्न पाहू. नेट मीटरच्या पद्धतीत दुपारी घरात न खपलेली वीज वाहिनीत जाते, रात्री तितकी परत घेता येते, आणि बिल फक्त फरकाचे होते. म्हणजे वीज कंपनी ही घरमालकाची पेढी होते, जिच्यात ठेव ठेवावयास काही पडत नाही. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या २०१९ च्या विनियमांप्रमाणे एका महिन्याची शिल्लक पुढील महिन्याच्या खात्यावर ओढली जाते, आणि आर्थिक वर्षाच्या अखेरीस जी उरेल ती कंपनी आयोगाने ठरविलेल्या दराने विकत घेते. हा दर चढ्या टप्प्यातील घरगुती विजेच्या दराहून बराच कमी असल्यामुळे, गरजेपेक्षा मोठा संच बसवून वीज विकण्याचे मनोराज्य करण्यात अर्थ नाही. महाराष्ट्रात एक किलोवॉटचा संच, छाया आणि धूळ यांनी फार उपद्रव न दिल्यास, स्वच्छ दिवशी सुमारे ४ युनिट देतो. वर्षाला साधारण १,२०० ते १,५०० युनिट. ज्या कुटुंबाला महिन्याला ३०० युनिट लागतात त्याला तीन किलोवॉट पुरतात, आणि केंद्र सरकारचे अनुदानही नेमके तेथेच थबकते: पहिल्या दोन किलोवॉटांना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, एकूण ७८,०००, आणि त्यापुढे कितीही मोठा संच घेतला तरी तेवढेच. आपले दर टप्प्याटप्प्याने चढणारे असल्यामुळे, शंभर युनिटांच्या आत राहणाऱ्या लहान घराला या खटाटोपातून फारसे काही सुटत नाही. तीनशेच्या पलीकडे जाणाऱ्याला मात्र सर्वांत महाग युनिट प्रथम वाचतात. स्थिर आकार तर बिलावर राहतोच, आणि ‘शून्य बिल’ म्हणून जाहिरात करणारे तो सांगावयास विसरतात.

या हिशेबात बॅटरीला स्थान कोठे? समजा, पाच युनिट क्षमतेची बॅटरी एक लाख रुपयांना मिळाली, तिच्यातून रोज चार युनिट काढले आणि ती दहा वर्षे अखंड चालली. तर तिने आपल्या आयुष्यात १४,६०० युनिट साठवून परत दिले आणि प्रत्येक युनिटामागे साठवणुकीचा खर्च सुमारे सात रुपये आला. हा खर्च वीज निर्माण करण्याच्या खर्चाहून वेगळा आणि त्याच्या वरचा आहे, आणि पेढीत हीच साठवण फुकट होत होती. नेट मीटर मिळत असताना केवळ बिल कमी करण्यासाठी बॅटरी घेणे म्हणूनच तोट्याचे आहे, आणि हे स्पष्टपणे न सांगणाऱ्या विक्रेत्याशी व्यवहार करताना सावध असावे. ही परिस्थिती कायम राहील असे मात्र समजू नये. दुपारी साऱ्या राज्यात सौरवीज मुबलक आणि सूर्यास्तानंतर मागणी शिगेला, असा विषम काळ जसजसा वाढत आहे तसतसे दिवसाच्या वेळेप्रमाणे दर लावण्याचे धोरण पुढे येत आहे. केंद्राने २०२३ मध्ये ग्राहक-हक्कांच्या नियमांत केलेल्या दुरुस्तीप्रमाणे सूर्यप्रकाशाच्या तासांतील दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी आणि संध्याकाळच्या कमाल मागणीच्या तासांतील दर घरगुती ग्राहकाला किमान १० टक्के अधिक असावा, असे ठरले आहे. ज्या दिवशी दुपारचे जमा युनिट रात्रीच्या युनिटाच्या बरोबरीचे धरले जाणार नाहीत, त्या दिवशी पेढी आपली हुंडणावळ आकारू लागेल आणि बॅटरीचा हिशेब नव्याने मांडावा लागेल.

दुसऱ्या प्रश्नाकडे वळताच आपण शहरातून गावात, आणि माझ्या मते कोकणात, येतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोली या भागांत विजेचे खांब हजारोंनी आडवे झाले. काही गावांत वीज परत यावयास कित्येक आठवडे लागले. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आले. वादळ नसले तरी जून ते सप्टेंबर या काळात माडाची झावळी तारेवर पडणे, डीपीचा फ्यूज उडणे, आणि लाइनमनला चार गावांपलीकडून ओढे ओलांडून यावे लागणे, हे तेथील नित्याचेच आहे. अशा घरात बॅटरीतून निघालेल्या युनिटाला सात रुपये पडले की सतरा, हा विचार गौण आहे. तेथे घेतला जातो तो भरवसा, आणि त्याची किंमत फ्रिजमधील इन्सुलिन, म्हाताऱ्या माणसाचे रात्रीचे उठणे, मुलाची परीक्षा आणि विहिरीतील पाणी टाकीत चढणे यांच्याशी ताडून पाहावयाची असते.

परंतु भरवसा घ्यावयाचा म्हटला तरी तो किती घ्यावयाचा, हे ठरविण्याला कागद-पेन्सिल घेऊन बसावे लागते, आणि येथेच बहुतेक लोक उतावीळ होतात. रात्री घरात नेमके काय चालते याची यादी करावी. जुन्या पद्धतीचा छताचा पंखा ७५ वॉट घेतो, नवा बीएलडीसी पंखा सुमारे ३०. चार पंखे नऊ तास फिरले तर पहिल्या प्रकारात पावणेतीन युनिट जातात, दुसऱ्यात जेमतेम एक. फ्रिज रात्रभरात अर्धा ते पाऊण युनिट घेईल. एलईडी दिवे, दूरचित्रवाणी, राऊटर आणि फोन मिळून आणखी पाऊण. म्हणजे पंखे बदललेल्या घराला संध्याकाळपासून सकाळपर्यंत अडीच युनिट पुरतात, आणि न बदललेल्याला सव्वाचार. पंखे बदलण्यास जो खर्च येतो तो त्या फरकाइतकी बॅटरी घेण्याच्या खर्चाच्या मानाने अगदीच थोडा आहे. वीज साठविण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग ती न खर्चणे हा आहे, ही जुन्या पिढीची काटकसर येथे शास्त्रशुद्ध ठरते. तीच गोष्ट पाणी तापविण्याची: दोन किलोवॉटचा गीझर बॅटरीवर चालविण्याचा आग्रह धरणाऱ्याने तांब्याचा बंब किंवा छपरावरचा सौर जलतापक यांचा पुनर्विचार करावा. एक अश्वशक्तीचा पंप चालू असताना साधारण एक किलोवॉट घेतो, पण सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या कित्येक पट प्रवाह ओढतो, आणि तीन किलोवॉटचा इन्व्हर्टर त्या एका क्षणासाठी मान टाकतो. म्हणून पंप दुपारी उन्हाच्या जोरावर चालवून टाकी भरून घ्यावी. एअर कंडिशनर, गीझर, इस्त्री आणि पंप एका बाजूस, व दिवे, पंखे, फ्रिज दुसऱ्या बाजूस, अशी घरातील तारांची वाटणी करून दुसऱ्या बाजूचा स्वतंत्र बोर्ड बॅटरीच्या ताब्यात द्यावा लागतो. जुन्या घरांत ही वाटणी सोपी नसते, कारण तीस-चाळीस वर्षांत ज्याने त्याने आपल्या सोयीने ओढलेल्या तारांत दोन खोल्यांचा न्यूट्रल एकच असतो, आणि तो वेगळा केल्यावाचून हायब्रिड इन्व्हर्टर नीट चालत नाही. या कामाला दोन दिवस अधिक लागले तरी ते कुशल वायरमनकडूनच करवून घ्यावे.

बॅटरीच्या जातींविषयी बाजारात पुष्कळ गोंगाट असला तरी घरमालकापुढे वस्तुतः दोनच पर्याय आहेत. शिसे आणि गंधकाम्ल यांची बॅटरी गास्तों प्लांते याने १८५९ मध्ये सिद्ध केली आणि भारनियमनाच्या वर्षांत ती इन्व्हर्टरच्या पेटीसह आपल्या घराघरांत, जिन्याखाली किंवा शोकेसच्या शेजारी, येऊन बसली. ट्यूब्युलर जातीची १५० अँपिअर-तासांची १२ व्होल्टांची बॅटरी कागदोपत्री १.८ युनिट साठविते. पण ती निम्म्याहून अधिक रिकामी करीत गेल्यास तिचे आयुष्य झपाट्याने घटते, तेव्हा चार बॅटऱ्यांच्या संचातून व्यवहारात साडेतीन युनिटच मिळतात. तिच्यात घातलेल्या विजेपैकी पाचवा हिस्सा किंवा त्याहून अधिक वाटेतच नाहीसा होतो, तिला वेळोवेळी डिस्टिल्ड वॉटर पाजावे लागते, भरताना ती ज्वालाग्राही हायड्रोजन सोडते, आणि उष्णतेचे तिला वावडे आहे: सभोवतालचे तापमान दहा अंशांनी वाढले तर आयुष्य निम्मे होते, असा साधारण नियम आहे. इतके असूनही तालुक्याच्या गावी तिचा जाणकार सापडतो, ती बिघडली तर दुसऱ्या दिवशी बदलून मिळते, आणि मेल्यावरही शिशाच्या भावाने विकली जाते. हे गुण लहान नाहीत. दुसरा पर्याय लिथियम-आयन कुळातला. या कुळाची पहिली बॅटरी सोनी कंपनीने १९९१ मध्ये बाजारात आणली, आणि तिच्या शोधाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. फोनमध्ये आणि अनेक मोटारींत वापरल्या जाणाऱ्या लिथियम बॅटऱ्यांत निकेल व कोबाल्ट असते; घरासाठी त्या घेऊ नयेत. घरासाठी लोह आणि फॉस्फेट यांची, बाजारात एलएफपी म्हणून ओळखली जाणारी, जात योग्य, कारण ती अधिक तापमानापर्यंत स्थिर राहते आणि बिघाड झाला तरी भडकण्याची शक्यता पुष्कळच कमी असते. हिचा एक घट ३.२ व्होल्टांचा, असे सोळा घट जोडून ५१.२ व्होल्ट आणि १०० अँपिअर-तास, म्हणजे पाच युनिटांहून किंचित अधिक, अशी पेटी आज सर्रास मिळते. तिच्यातील ८० ते ९० टक्के वीज निर्धास्त वापरता येते, येण्याजाण्यात दहा टक्क्यांच्या आसपासच हानी होते, आणि काही हजार वेळा भरून रिकामी केली तरी ती टिकते. वर काढलेल्या अडीच युनिटांच्या रात्रीला अशी एक पेटी पुरून उरते. घटांवर देखरेख करणारे बीएमएस नावाचे मंडल पेटीत असतेच; ते आपल्या इन्व्हर्टरशी बोलते की नाही, एवढे मात्र पैसे देण्यापूर्वी प्रत्यक्ष जोडून दाखविण्यास सांगावे. पेटी पत्र्याच्या तापणाऱ्या खोलीत किंवा माजघरात न ठेवता हवेशीर पडवीच्या भिंतीला, पावसाच्या झडीपासून दूर, जमिनीपासून हातभर उंच बसवावी.

छपराचे काम हे या साऱ्या प्रकरणात सर्वांत कमी चर्चिले जाणारे आणि सर्वांत अधिक वर्षे सोसावे लागणारे अंग आहे. पॅनलवर पंचवीस वर्षांची हमी असते. ज्या लोखंडावर ते उभे आहे त्याच्यावर कोणाची हमी असते? समुद्रकाठी खारट वारा साध्या रंगविलेल्या अँगलला तीनचार वर्षांत पोखरतो. तेथे उष्ण जस्ताच्या हौदात बुडवून काढलेले लोखंड किंवा ॲल्युमिनियम, आणि स्टेनलेस पोलादाचे नटबोल्ट, यांवर तडजोड करू नये. सहा पॅनलांचे मिळून वजन पावणेदोनशे किलोच्या आत असते आणि ते कोणतीही धड गच्ची पेलते. भय आहे ते वाऱ्याने खालून उचलण्याचे. म्हणून तीन किलोवॉटच्या संचासाठी गच्चीवर उंच मांडव उभारण्याची जी हौस अलीकडे दिसते, ती किनारपट्टीवर मला अविचाराची वाटते. खाली बसण्याउठण्याची सोय होते हे खरे, पण वादळात तो मांडव शिडासारखे काम करतो. पॅनल दक्षिणाभिमुख आणि स्थळाच्या अक्षांशाइतके कलते ठेवावे असा संकेत आहे. श्रीवर्धनच्या अक्षांशावर, सुमारे १८ अंशांवर, मेच्या मध्याला शून्य सावलीचा दिवस येतो आणि तेथून जुलैअखेरपर्यंत मध्यान्हीचा सूर्य माथ्याच्या उत्तरेस असतो. तेव्हा कल १२-१५ अंशांवर आणल्यास वर्षाच्या उत्पादनात नाममात्र घट होते आणि वाऱ्याचा जोर मात्र पुष्कळ कमी लागतो. दहा अंशांच्या खाली जाऊ नये, नाही तर पावसाने धूळ धुऊन न जाता खालच्या कडेला चिखलाची पट्टी धरते. सावलीचा प्रश्न याहून नाजूक आहे, कारण पॅनल एकापाठोपाठ एक साखळीने जोडलेले असतात आणि एकावर पडलेली माडाची सावली, अंतर्गत डायोडांनी काही बचाव केला तरी, साऱ्या साखळीला भोवते. डिसेंबरमध्ये सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असताना सकाळी नऊ ते दुपारी तीन या वेळात सावल्या कोठे पडतात हे पाहून जागा ठरवावी. कौलारू घराच्या मालकाने कौलांवर पाय देऊन काम करू पाहणाऱ्या मक्तेदाराच्या नादी लागण्यापेक्षा अंगणात किंवा गोठ्याच्या पक्क्या छपरावर जागा शोधणे बरे. माकडांचा उपद्रव दोन्हीकडे सारखाच.

विजेच्या सुरक्षिततेविषयी एकच गोष्ट आवर्जून सांगावयाची. सहा पॅनलांच्या साखळीत भर उन्हात तीनशे व्होल्टांच्या आसपास एकदिश दाब असतो, आणि एकदिश प्रवाहाची ठिणगी एकदा पेटली की प्रत्यावर्ती प्रवाहाप्रमाणे आपोआप विझत नाही. म्हणून छपराकडील बाजूस घरगुती वापराचे साधे एमसीबी बसविणे हे आगीला दिलेले आमंत्रण आहे. तेथे एकदिश प्रवाहासाठीच बनविलेले खटके लागतात. वीजरोधक, पॅनलांचे सांगाडे आणि इन्व्हर्टर यांना स्वतंत्र अर्थिंग हवे. जांभ्या दगडाच्या जमिनीत ते मिळविणे कठीण जाते, तेव्हा खड्डा खोल घ्यावा आणि उन्हाळ्यात, जमीन सुकलेली असताना, त्याचा रोध मोजून घ्यावा.

आता पावसाळा. एप्रिल-मे महिन्यांत पॅनलचा पृष्ठभाग साठ अंशांच्या पुढे तापतो आणि प्रत्येक अंशामागे सुमारे एक तृतीयांश टक्का वीज घटते. तरी तेच महिने उत्पादनाचे असतात. जुलैत, घाटमाथ्यावरून उतरलेले ढग आठ-आठ दिवस हटत नाहीत तेव्हा, तीन किलोवॉटचा संच एखाद्या दिवशी दोन-तीन युनिटांवर येतो. नेट मीटरवाल्याला याची फिकीर नाही, कारण उन्हाळ्याची जमा त्याच्या खात्यावर असते. परंतु वाहिनी बंद असलेल्या घराला तेवढ्यावरच निभवावे लागते. अडीच युनिटांच्या रात्रीचा जो हिशेब वर केला, त्याचे महत्त्व येथे कळते: तेवढ्यावर भागविणारे घर सर्वांत काळोख्या दिवसाच्या कमाईवरही रेटून नेते, आणि सव्वाचार युनिट लागणारे घर दुसऱ्या रात्री अंधारात बसते. बॅटरी दुप्पट केल्याने हा पेच सुटत नाही, कारण जे ऊन पडलेच नाही ते साठविणार कोठून? दोनऐवजी तीन किलोवॉट पॅनल घेणे हा पावसाळ्यावरचा अधिक खरा उपाय आहे. पाच दिवसांच्या अंधाराची तजवीज बॅटरीने करू पाहणाऱ्या श्रीमंत घरांनी एक लहान जनरेटर ठेवावा. त्यात कमीपणा नाही आणि तो स्वस्तही पडतो.

कागदपत्रांची वाट पूर्वीइतकी बिकट राहिलेली नाही. दरखास्त राष्ट्रीय पोर्टलवरून करावयाची, विक्रेता नोंदणीकृत हवा, पॅनल देशी घटांचे हवे, आणि दहा किलोवॉटपर्यंतच्या अर्जांना तांत्रिक शक्यतेच्या तपासणीवाचून मंजुरी धरली जावी असा २०२४ चा नियम आहे. संच उभारल्यावर तपासणी, नेट मीटर, आणि मग बँकेत अनुदान, असा क्रम. अनुदान पॅनलांच्या किलोवॉटांवर मिळते, बॅटरीवर नाही. विक्रेत्याशी करारनाम्यात पाच वर्षांची देखभाल अंतर्भूत असते; ती कागदावर न राहता कोण, किती दिवसांत येईल हे नाव-गावासह लिहून घ्यावे. जो आज केवळ बिलासाठी संच बसवीत आहे पण पुढेमागे बॅटरी जोडण्याचा ज्याचा मानस आहे, त्याने थोडे अधिक पैसे मोजून आरंभीच हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा, हे माझे मत. हायब्रिडचे कार्यक्षमतेतील नुकसान किरकोळ असते, आणि चालू संच उपसून दुसरा इन्व्हर्टर लावणे अतिशय जाचक होते.

पुण्या-मुंबईच्या सदनिकाधारकाला यांतले बरेचसे लागू पडत नाही, कारण गच्ची सोसायटीची असते आणि तेथे कोणाचा सूर्य कोणता हे ठरविण्यास सर्वसाधारण सभा पुरत नाही. सोसायटीने जिना, लिफ्ट आणि पंप यांच्या सामाईक विजेसाठी संच बसविल्यास किलोवॉटमागे १८,००० रुपयांची मदत आहे, आणि बहुतेक ठिकाणी तेवढेच करणे शहाणपणाचे. सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातील मान्याचीवाडीने २०२४ मध्ये सारे गाव सौरविजेवर आणून राज्यातील पहिले सौरग्राम म्हणून नाव मिळविले. लहान वस्तीचे गाव एकमताने जे करू शकले, ते दोनशे सदनिकांच्या संकुलाला का जमू नये, याचे उत्तर अभियांत्रिकीत सापडणार नाही.

राहता राहिला जुन्या सामानाचा प्रश्न. शिशाची बॅटरी भंगारवाला दारातून घेऊन जातो. लिथियमच्या पेटीला अद्याप असा गिऱ्हाईक नाही, आणि ती फोडून पाहण्याचा मोह धोक्याचा आहे. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेली बॅटरी परत घेऊन तिची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे, आणि पॅनलांचा समावेश १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा नियमांत झाला आहे. म्हणून पॅनल, इन्व्हर्टर व बॅटरी यांचे अनुक्रमांक, खरेदीच्या पावत्या आणि हमीपत्रे घराच्या दस्तऐवजांत, सातबारा आणि घरपट्टीच्या पावत्यांशेजारी, ठेवावीत; दहा-बारा वर्षांनी ती पेटी भिंतीवरून उतरविताना विक्रेत्याचे दुकान त्या जागी असेलच असे नाही, उत्पादकाचा पत्ता मात्र त्या पावतीवरून काढता येतो.